स्पायरोमेट्री न जमणाऱ्या वयात सीएफचं फुप्फुस मोजायचं कसं? एलसीआय ७.६ वरून ८.४

बालरोग_शिकाऊ

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, घट्ट कफाने श्वासनलिका अडवणारा जन्मजात आजार) असलेल्या अडीच ते सहा वर्षांच्या मुलांच्या पाठपुराव्याबद्दल विचारायचं आहे. समोर आहेत ते रिपोर्ट असे: वय ४, वजन-उंची ठीक, खोकला अधूनमधून, छाती ऐकायला स्वच्छ, एक्स-रेवर 'विशेष काही नाही'. स्पायरोमेट्रीत (जोराने फुंकलेली हवा मोजणारी चाचणी) फुंकर एका सेकंदाच्या आतच संपते. एफईव्ही१ चा, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेल्या हवेचा, आकडा कागदावर छापून येतो, पण त्याला अर्थ आहे असं वाटत नाही. मल्टिपल ब्रेथ वॉशआउट (सहज श्वासांनी फुप्फुसातला वायू धुऊन काढण्याची चाचणी) नायट्रोजन पद्धतीने केलं आहे. नऊ महिन्यांपूर्वी त्यातला एलसीआय (लंग क्लिअरन्स इंडेक्स; चढला म्हणजे बिघाड) ७.६ होता, आता ८.४ आहे.

हा आजार पुढे सरकला असं म्हणायचं का? आकडा खरा आहे की चाचणीच बिघडली, हे कशावरून ओळखायचं? आणि सीटी आता करायचा, वर्षाला करायचा, की लक्षणं दिसल्यावर? पुस्तकात प्रत्येक चाचणीचं वेगळं प्रकरण असतं. एकाच मुलाचे चार रिपोर्ट टेबलावर पसरून निर्णय कसा घ्यायचा, ते कुठे सापडत नाही.

---

वॉशआउट_तंत्रज्ञ

आधी आकडेमोड. ७.६ वरून ८.४ म्हणजे १०.५ टक्के वाढ. या वयात तब्येत स्थिर असलेल्या मुलाचाही एलसीआय दोन भेटींमध्ये साधारण १५ टक्क्यांपर्यंत हलतो. त्या हिशेबाने ७.६ नंतर ८.७ पर्यंतचा आकडा एकट्याच्या बळावर बिघाड ठरत नाही. पण हा हिशेब दोन्ही आकडे शुद्ध असतील तरच लागू होतो, आणि माझी शंका नेमकी तिथेच आहे. सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येक फेरीचा आलेख उघडा.

एलसीआय कसा तयार होतो हे डोळ्यांपुढे असलं की चुका पटकन दिसतात. मूल शंभर टक्के ऑक्सिजन घेत सहज श्वास घेतं आणि फुप्फुसातला नायट्रोजन दर उच्छ्वासाला थोडा थोडा धुतला जातो. सुरुवातीला ७८ टक्क्यांच्या आसपास असलेली उच्छ्वासाअखेरची पातळी चाळिसाव्या भागावर, म्हणजे २ टक्क्यांच्या जरा खाली यावी लागते. सलग तीन श्वास त्या रेषेखाली गेले की थांबायचं. मोजणी त्या तिघांतल्या पहिल्या श्वासापर्यंतची. तोवर बाहेर टाकलेल्या एकूण हवेला एफआरसीने भागायचं. एफआरसी म्हणजे सहज उच्छ्वासानंतर फुप्फुसात उरणारी हवा. एकूण उच्छ्वास ४.५ लिटर आणि एफआरसी ०.६० लिटर असेल तर एलसीआय ७.५. कफाने वाट अडलेले कोपरे उशिरा धुतले जातात, म्हणून धुण्याला जास्त हवा लागते आणि आकडा चढतो.

आता काय काय बिघडतं ते.

सर्वांत त्रासदायक म्हणजे गळती. खोलीतल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामुळे मास्कच्या कडेने चिमूटभर हवा आत शिरली तरी धुतलेलं पुन्हा मळतं. आलेखात श्वास आत घेताना नायट्रोजनची रेषा शून्यावर टेकायला हवी. ती मध्येच वर उचलली गेली तर गळती समजा. सुरुवातीची गळती एफआरसी फुगवते. शेवटची गळती त्याहून वाईट, कारण पातळी २ टक्क्यांजवळ असताना थोडीशी हवाही पुरते आणि चाचणी संपतच नाही. उपाय म्हणजे मास्कच्या आत कडेने उपचारासाठी वापरतात ती मऊ पुटी (मळता येणारा चिकट गोळा) भरायची आणि नाकाच्या हाडाजवळ व गालांवर ती नीट दाबून बसवायची. पुटीने मृत अवकाशही (जिथली हवा धुण्याच्या कामी येत नाही ती जागा) कमी होतो, हा दुहेरी फायदा. मास्क एका माणसाने दोन्ही हातांनी धरावा आणि यंत्र दुसऱ्याने बघावं. एकट्याने दोन्ही करायला गेलं की आधी मास्क सुटतो.

दुसरं म्हणजे श्वासाची लय. मोठा उसासा आला की एरवी बंद असलेले भाग उघडतात, त्यांच्यातला नायट्रोजन एकदम बाहेर येतो आणि वक्रावर उंचवटा दिसतो. उथळ आणि भराभर श्वास घेतला तर प्रत्येक श्वासातला मोठा वाटा मृत अवकाशातच जातो आणि आजार न वाढताही एलसीआय चढतो. रडणं, बोलणं, हसणं सगळंच बाद. म्हणून मुलाला व्हिडिओ दाखवायचा तो शांत, आवडता आणि आधी पाहिलेला. नवीन विनोदी कार्टून लावलं की निम्म्या फेऱ्या हसण्यात जातात.

तिसरं म्हणजे दोन फेऱ्यांमधली घाई. पहिल्या फेरीनंतर फुप्फुस ऑक्सिजनने भरलेलं असतं. नायट्रोजन मूळ पातळीवर आल्याशिवाय पुढची फेरी सुरू केली तर सुरुवातीचीच पातळी चुकते. फेरीला जितका वेळ लागला किमान तितका वेळ थांबायचं. लांबलेल्या फेरीनंतर त्याहून जास्त.

तुमच्या मुलाच्या प्रत्येक फेरीचा एलसीआय आणि एफआरसी इथे टाका. शिवाय दोन्ही वेळा मास्क होता की माउथपीस, यंत्र कोणतं आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, तेही लिहा.

---

बालरोग_शिकाऊ

दोन्ही वेळा मास्क, यंत्र एकच, एक्झॅलायझर डी. आताच्या तीन फेऱ्या:

एलसीआय ७.९, एफआरसी ०.६१ लिटर
एलसीआय ८.१, एफआरसी ०.६० लिटर
एलसीआय ९.२, एफआरसी ०.७९ लिटर

सॉफ्टवेअर आताचं ३.३.१. नऊ महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर ३.१.६ छापलेलं आहे.

---

वॉशआउट_तंत्रज्ञ

दोन्ही बाजूंना गडबड आहे, आणि ती विरुद्ध दिशांनी आहे.

तिसरी फेरी काढून टाका. तिन्हींचा मध्यक एफआरसी ०.६१. त्यापासून २५ टक्क्यांहून जास्त लांब असलेली फेरी धरायची नसते, आणि ०.७९ त्या मर्यादेबाहेर जातो. चार वर्षांच्या मुलाची फुप्फुसं दहा मिनिटांत ०.१८ लिटरने वाढत नाहीत; जवळजवळ नक्की मास्क सुटला होता. आलेखात पहिल्या आठ-दहा श्वासांत आत घेतानाची रेषा पाहा. उरलेल्या दोन फेऱ्यांची सरासरी ८.०. या वयाला दोन स्वीकारार्ह फेऱ्या पुरतात.

आता दुसरी बाजू. या यंत्राच्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सेन्सरांचे संकेत एकमेकांत मिसळतात, ही चूक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. यात नायट्रोजन थेट मोजला जात नाही, बाकीच्या वायूंवरून काढला जातो. त्यामुळे धुण्याच्या शेवटी नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसायचा, चाचणी लांबायची आणि एलसीआय फुगायचा. आजारी फुप्फुसात ही फुगवणी जास्त, कारण तिथे शेवटची शेपटी लांब. ३.३.१ मध्ये ती दुरुस्त केलेली आहे. तुमचा जुना ७.६ दुरुस्तीपूर्वीचा, आताचा ८.० दुरुस्तीनंतरचा. हे दोन आकडे एका आलेखावर ठेवताच येणार नाहीत.

सुदैवाने मूळ नोंदीची फाइल यंत्रात राहते. ती नव्या आवृत्तीत उघडून गणित पुन्हा चालवा. मुलाला बोलवायची गरज नाही.

---

बालरोग_शिकाऊ

जुनी फाइल चालवली. तीनही फेऱ्या स्वीकारार्ह, सरासरी ७.०.

म्हणजे खरी तुलना ७.० विरुद्ध ८.०, वाढ १४.३ टक्के. सुरुवातीला होती त्यापेक्षा जास्त!

---

वॉशआउट_तंत्रज्ञ

अगदी. आणि मर्यादेच्या काठावर. आणखी एक बाब लक्षात घ्या: निरोगी मुलांत तान्हेपणापासून शाळेच्या वयापर्यंत एलसीआय वाढीबरोबर किंचित उतरत जातो. म्हणजे या वयात तो चढणं हे नुसतं जागेवर राहण्यापेक्षा जास्त बोलकं. वरची सामान्य मर्यादा मात्र त्याच यंत्राच्या आणि त्याच आवृत्तीच्या संदर्भ आकड्यांवरून घ्या. दुसऱ्या यंत्राचा तक्ता इथे लावू नका.

मास्कवरून माउथपीसवर जाण्याची वेळ येईल तेव्हा रिपोर्टवर तसं ठळक लिहा. फिल्टर किंवा मृत अवकाशाचा संच बदलला तरी लिहा. वर्षभराने कुणीतरी हेच आकडे रेषेने जोडणार आहे.

---

मोजून_मापून

तंत्रज्ञांनी पाया नीट घातला आहे. निर्णयाच्या बाजूने लिहितो.

स्पायरोमेट्री या वयात टाकाऊ नाही, पण चुकीचा आकडा वाचला जातो. बरीच लहान मुलं एका सेकंदाच्या आतच सगळी हवा बाहेर टाकतात. मग एफईव्ही१ आणि एफव्हीसी (फुंकलेली एकूण हवा) एकच होतात आणि अडथळा लपतो. त्यासाठी एफईव्ही०.७५ (पाऊण सेकंदातली हवा) वाचा. २०१९ च्या एटीएस-ईआरएस (अमेरिकन आणि युरोपीय श्वसनतज्ज्ञ संघटना) निकषांप्रमाणे सहा वर्षांपर्यंत दोन सर्वोत्तम फुंकरींमधला फरक ०.१०० लिटर किंवा मोठ्या आकड्याच्या १० टक्के, यातला जो जास्त असेल त्याच्या आत हवा. मेणबत्ती विझवायचं चित्र दाखवलं तर मूल छोटी, जोरकस फुंकर मारून थांबतं. लांब फुंकर हवी असेल तर शेवटपर्यंत काहीतरी ढकलत न्यावं लागेल असं चित्र लावा. टक्क्यांऐवजी झेड-स्कोअर (निरोगी मुलांच्या सरासरीपासूनचं अंतर; शून्य म्हणजे सरासरी) वाचा आणि उंची भिंतीवरच्या स्टेडिओमीटरवर मोजा. १०० सेंटिमीटर उंचीच्या मुलात २ सेंटिमीटरची चूक अपेक्षित एफईव्ही१ जवळपास साडेचार टक्क्यांनी हलवते. बूट काढलेले नव्हते एवढ्यावर 'घसरण' ठरलेले रिपोर्ट सापडतात.

तरीही तुमच्या मुलाचा झेड-स्कोअर शून्य आला तर हुरळून जाऊ नका. सीएफ सुरू होतो तो बारीक श्वासनलिकांमध्ये. एफईव्ही१ मुख्यतः मोठ्या नळ्यांचा हिशेब देतो. बारीक नळ्या संख्येने इतक्या की त्यांतल्या बऱ्याच बंद होईपर्यंत त्यांचा एकूण अडथळा जाणवत नाही. म्हणून सहाव्या वर्षी एफईव्ही१ सामान्य आणि सीटीवर ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), हे चित्र अपवादाचं नाही.

आता एलसीआयची उलटी बाजू, कारण तोही फसवतो. एखादा भाग कफाने पूर्ण बंद झाला तर त्यातून वायू ये-जा करत नाही. तो भाग हिशेबातूनच बाद होतो, एफआरसी घटतो आणि एलसीआय चक्क सुधारलेला दिसू शकतो. उलट, फिजिओथेरपीने तोच कफ सुटला तर भाग अर्धवट उघडतो, सावकाश धुतला जातो आणि एलसीआय चढतो. यावरून दोन गोष्टी: एलसीआयबरोबर एफआरसीही पाहा, आणि वॉशआउट नेहमी फिजिओथेरपीच्या आधी किंवा नेहमी नंतर, जे ठरेल ते दर वेळी तसंच. आम्ही आधी पसंत करतो.

एकाच मुलाचे चार रिपोर्ट कसे वाचायचे? माझा क्रम असा. पहिला प्रश्न: चाचणीच्या दिवशी मूल बरं होतं का? सर्दी-खोकल्याच्या आठवड्यातला एलसीआय त्या आजारपणाचा असतो, वर्षाच्या प्रगतीचा नव्हे. तो नोंदवायचा, पण त्याची तुलना करायची ती चार-सहा आठवड्यांनी मूल बरं झाल्यावर. आजारपण संपूनही आकडा पूर्वपदावर आला नाही, तर तीच चिंतेची गोष्ट. दुसरा प्रश्न: घशाच्या स्वॅबमध्ये काय वाढलं? तिसरा: गेल्या सहा महिन्यांत वजनाची पर्सेंटाइल रेषा खाली सरकली का? एकच घट कदाचित जेवणाची तऱ्हा असेल. पण खोकला, वजन आणि एलसीआय तिन्ही एका दिशेने गेले तर १५ टक्क्यांच्या रेषेची वाट पाहायची नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत १४.३ टक्के, बाकी सगळं शांत. मी चार ते सहा आठवड्यांत मूल निरोगी असताना वॉशआउट पुन्हा करीन, तोवर स्वॅब, आणि आकडा टिकला तर सीटी.

खोकल्याची नोंद पालकांकडून घेताना 'खोकला आहे का' असं विचारू नका. सगळेच 'थोडा' म्हणतात. दिवसा किती दिवस, रात्री झोपमोड होते का, खेळताना थांबावं लागतं का, ओला की कोरडा, असं विचारा. श्वासांची गती झोपेत, पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते.

---

ग्रिडवाली

सीटीबद्दल माझा थोडा मतभेद आहे. 'आकडा टिकला तर सीटी' हा क्रम तुमच्या मुलाला चालेल. पण सगळ्यांना सरसकट लावला तर उशीर होतो. पर्थ आणि मेलबर्नच्या एआरईएसटी-सीएफ गटाने नवजात तपासणीत सापडलेल्या बाळांचे सीटी आणि ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) तीन महिन्यांच्या वयापासून केले. २०१३ च्या त्यांच्या अहवालात ब्राँकिएक्टेसिस तीन महिन्यांच्या वयात २९.३ टक्के मुलांत होतं, तीन वर्षांच्या वयात ६१.५ टक्क्यांत. यांतल्या बऱ्याच मुलांना त्या दिवशी काही त्रास नव्हता. तीन महिन्यांच्या वयात फुप्फुस धुतलेल्या द्रवात न्यूट्रोफिल इलॅस्टेज (पांढऱ्या पेशींचं एक एन्झाइम) सक्रिय सापडणं हा पुढे टिकून राहणाऱ्या ब्राँकिएक्टेसिसचा महत्त्वाचा सूचक ठरला. हे एन्झाइम श्वासनलिकेची भिंत कुरतडतं, त्यामुळे दुवा सरळ आहे.

तरी 'दरवर्षी सीटी' असं मीही म्हणणार नाही. आधुनिक यंत्रावर बालकांच्या छातीचा कमी-डोस सीटी १ मिलिसीव्हर्टच्या खाली ठेवता येतो, पण ही मुलं आयुष्यभर चित्रं काढून घेणार आहेत. दोन-तीन वर्षांच्या अंतराने, आणि त्याखेरीज फक्त त्या चित्राने उपचार बदलणार असेल तेव्हा, हे मला पटतं. उपचार बदलणारच नसेल तर चित्र कशाला?

काढायचं ठरलं तर नीट काढा. खराब सीटी हा नसलेल्या सीटीपेक्षा वाईट. सगळा खेळ फुप्फुस किती फुगलं होतं यावर आहे. अर्धवट श्वासात काढलेल्या चित्रात नळ्या अरुंद दिसतात आणि रुंदावलेली नळी नजरेतून सुटते. उलट, भूल दिलेल्या मुलाच्या पाठीकडच्या भागात काही मिनिटांतच फुप्फुस मिटतं आणि ते कफ किंवा न्यूमोनियासारखं दिसतं. म्हणून भुलेखाली आधी काही मोठे श्वास देऊन मिटलेले भाग उघडायचे, मग २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर श्वास रोखून पहिली मालिका, आणि दाब शून्यावर आणून उच्छ्वासाची दुसरी. ही दुसरी टाळू नका, अडकलेली हवा तिच्यातच दिसते. पाच-सहा वर्षांचं मूल शिकवल्यावर स्वतः श्वास रोखू शकतं. आदल्या दिवशी फुगा फुगवून धरल्यासारखा सराव करवला तर भूल टळते. 'थांब' म्हटल्यावर मूल श्वास रोखण्याऐवजी घाबरून बाहेर सोडतं, ही नेहमीची चूक. 'घे, घे, घे, आता पुतळा!' असं सांगितलेलं बरं.

वाचताना 'सौम्य ब्राँकिएक्टेसिस' एवढंच लिहू नका. मागच्याशी तुलना करता येईल असं मोजमाप हवं. प्राग्मा-सीएफ ही पद्धत लहान मुलांसाठीच २०१५ मध्ये आली. समान अंतरावरच्या दहा छेदांवर चौकटी टाकायच्या आणि प्रत्येक चौकटीला एकच नाव द्यायचं. प्राधान्य असं: आधी ब्राँकिएक्टेसिस, ते नसेल तर कफाची गुठळी, मग जाड भिंत, मग मिटलेला भाग, काहीच नसेल तर निरोगी. फुप्फुसाचा किती टक्के भाग आजारी, हे त्यातून मिळतं. वेळ खातं आणि वाचणाऱ्याला प्रशिक्षण लागतं, हे खरं. दोन्ही वेळची चित्रं शक्यतो एकाच वाचकाने, तारखा झाकून वाचावीत. तारीख दिसली की 'नंतरचं' चित्र वाईट वाटायला लागतं. नळी बाजूच्या धमनीपेक्षा मोठी हा प्रौढांतला निकष लहान मुलांना ढिला पडतो. त्यांच्यात नळी-धमनी गुणोत्तर ०.८ च्या वर गेलं तरी लक्ष द्यावं.

किरणोत्सर्ग नको असेल तर एमआरआय. हायडेलबर्गच्या पद्धतीत सहा भाग (डाव्या वरच्या खंडातला लिंग्युला वेगळा धरून), प्रत्येक भागात सहा बाबींना ० ते २ गुण, एकूण ७२. त्यातली एक बाब रक्तपुरवठ्याची. जिथे हवा नीट पोहोचत नाही तिथला रक्तपुरवठाही आखडतो, म्हणून ती लवकर बोलते. अडचण दोन: लहान मुलाला गुंगीचं औषध लागतं आणि रक्तपुरवठ्याच्या चित्रासाठी गॅडोलिनियम (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणूनचं द्रव्य) टोचावं लागतं. बारीक नळ्यांचा तपशील सीटीइतका येत नाही, कफाच्या गुठळ्या मात्र छान दिसतात.

---

कल्चर_प्लेट

सूक्ष्मजीवांचा भाग वर दोन ओळींत आटोपला, म्हणून थोडं.

या वयात बेडका येत नाही, मुलं गिळतात. दर तीन महिन्यांनी घशाचा किंवा खोकल्याचा स्वॅब हा मार्ग उरतो. जिभेवर फिरवलेला स्वॅब म्हणजे लाळेचा स्वॅब. मुलाला खोकायला लावा आणि टॉन्सिल व घशाची मागची भिंत चाटून घ्या, शक्यतो खाण्याआधी. फॉर्मवर 'सीएफ' असं स्पष्ट लिहा, नाहीतर प्रयोगशाळा नेहमीच्या प्लेटा लावून 'सामान्य जंतू' असा रिपोर्ट देते. बर्खोल्डेरिया सेपेशियासाठी वेगळं निवडक माध्यम लागतं. स्टॅफिलोकॉकससाठी मॅनिटॉल सॉल्ट. हिमोफिलससाठी बॅसिट्रासिन घातलेलं चॉकलेट अगार.

स्वॅब स्वच्छ आला तर खाली फुप्फुसात स्यूडोमोनास (सीएफमध्ये सर्वांत धास्तीचा जंतू) नसण्याची शक्यता चांगली. स्वॅबमध्ये स्यूडोमोनास सापडला याचा अर्थ मात्र तो फुप्फुसात आहेच असा नाही. तरी पहिल्यांदा सापडला की वाट पाहत नाहीत, निर्मूलन सुरू करतात. श्वासावाटे टोब्रामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस हा रूढ कोर्स आहे. ५६ दिवस देऊन जास्त फायदा दिसला नाही. कोर्सनंतर पुन्हा स्वॅब आणि वर्षभर तिमाही नोंद.

दर वेळी ब्राँकोस्कोपीने द्रव काढून उपचार ठरवले तर जास्त बरं, असं वाटू शकतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत (निकाल २०११) तसं करून पाहिलं. पाचव्या वर्षी स्यूडोमोनास किंवा सीटीच्या गुणांत फरक पडला नाही. त्यामुळे ब्राँकोस्कोपी ठेवा ती एलसीआय किंवा लक्षणं बिघडताहेत आणि स्वॅब काहीच सांगत नाही अशा वेळी. त्याआधी एक मधली पायरी आहे: सलाइनचा नेब्युलायझर देऊन, फिजिओथेरपी करून काढलेली बेडका. तान्ह्यांतही ती जमते आणि नुसत्या खोकल्याच्या स्वॅबपेक्षा बरंच जास्त सापडतं.

---

बालरोग_शिकाऊ

फार उपयोग झाला. दोन उपप्रश्न. मूल लवकरच मॉड्युलेटरवर (सीएफमधल्या सदोष प्रथिनाचं काम सुधारणारं औषध) जाण्याची शक्यता आहे. आधी काय मोजून ठेवायचं? आणि सहा महिन्यांच्या बाळांना हेच वॉशआउट चालतं का?

---

मोजून_मापून

मॉड्युलेटर सुरू होण्याआधीचा आकडा पुन्हा मिळत नाही, म्हणून गोळी सुरू होण्याच्या दोन आठवडे आत एक स्वच्छ वॉशआउट, घामातलं क्लोराइड, वजन-उंची, स्वॅब आणि यकृताच्या तपासण्या. सीटी तसाही काढायचाच असेल तर याच खिडकीत काढा. एलेक्साकाफ्टर-टेझाकाफ्टर-आयव्हाकाफ्टर २ ते ५ वर्षांच्या गटासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यामागच्या चाचणीत २४ आठवड्यांत एलसीआय सरासरी ०.८३ एककांनी उतरला. तुमच्या मुलाची सगळी वाढ साधारण तेवढीच आहे हे पाहा. म्हणजे आताचा ८.० पक्का न करता गोळी सुरू केली आणि पुढे ७.२ आला, तर गोळीने सुधारलं की सर्दी गेली, हे सांगता येणार नाही.

गोळीनंतर खोकला आणि कफ दोन्ही कमी होतात, पालक खूश, आणि स्वॅबमध्ये काही मिळेनासं होतं. जंतू गेले असं लगेच धरू नका, नमुना पातळ झालेला असतो. तिमाही स्वॅब चालू ठेवा.

हायपरटॉनिक सलाइनचाही इथे संबंध आहे. ३ ते ६ वर्षांच्या मुलांत ७ टक्के सलाइन दिल्यावर एलसीआय सुधारल्याचं एसएचआयपी चाचणीत दिसलं आणि त्याच धर्तीच्या सीटी-आधारित चाचणीत चित्रावरही फरक दिसला. बाळांतल्या आधीच्या आयएसआयएस चाचणीत मुख्य मोजमाप आजारपणाच्या फेऱ्या हे होतं आणि त्यात घट दिसली नव्हती. कुठलं मोजमाप धरलं यावर औषधाचं भवितव्य ठरतं, ते असं.

---

वॉशआउट_तंत्रज्ञ

बाळांना शंभर टक्के ऑक्सिजन नको. शुद्ध ऑक्सिजन मिळाल्यावर तान्ह्यांचा श्वास मंदावतो आणि उथळ होतो. चाचणीच जे मोजायचं ते बदलून टाकते. त्यांच्यासाठी ४ टक्के सल्फर हेक्झाफ्लोराइड वापरतात: आधी तो फुप्फुसात भरायचा, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतली पातळी जुळली की मूळ हवेवर आणून धुवायचा. बाळ झोपेत हवं, डोकं मध्यरेषेत, मान किंचित मागे. मान एका बाजूला कलली तर नाक-घसा अरुंद होतो आणि लय बिघडते. बाळ दूध पिऊन नैसर्गिक झोपेत जाईल अशी वेळ धरली तर काही ठिकाणी औषधाशिवाय जमतं.

या वायूवरचे आकडे नायट्रोजनच्या आकड्यांना जोडू नका. नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळलेला असतो, धुताना तोही बाहेर येत राहतो, त्यामुळे नायट्रोजनचा एलसीआय वर बसतो. बाळपणी एक वायू आणि तिसऱ्या वर्षी दुसरा असेल तर आलेखावर तिथे रेषा तोडा आणि नवीन सुरू करा. (हा वायू हरितगृह परिणामात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारांहून जास्त पट जबरदस्त आहे, म्हणून सिलिंडरची झडप विसरू नका.)

तुमच्या चार वर्षांच्या मुलासाठी पुढच्या वेळी: तोच मास्क, ताजी पुटी, मागच्या वेळचाच व्हिडिओ, सकाळची वेळ, फिजिओथेरपीच्या आधी. तीन फेऱ्या. दुसरी आणि तिसरी सुरू करण्याआधी नायट्रोजनची पातळी पडद्यावर वाचून कागदावर लिहा.

---

बालरोग_शिकाऊ

पाच आठवड्यांनी, मूल बरं असताना: ७.८, ७.९, ८.०. एफआरसी ०.६० ते ०.६२. सरासरी ७.९. स्वॅबमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास नाही.

७.० च्या तुलनेत १२.९ टक्के. १५ च्या आत, पण दोन भेटींत तोच आकडा.

---

ग्रिडवाली

नऊ महिन्यांनंतर दोनदा, तेही आजारपण नसताना, वरच थांबला. मॉड्युलेटर सुरू होणारच असेल तर ही खिडकी वापरा. उच्छ्वासाची मालिका मागून घ्या, आणि फॉर्मवर 'प्राग्मासाठी' असं लिहा, म्हणजे छेद जाड काढून पाठवणार नाहीत.

---

मोजून_मापून

सहमत. आणि स्टॅफिलोकॉकसचा संवेदनशीलता रिपोर्ट आला की तोही इथे टाका, तोंडावाटे कोर्स द्यायचा की नाही ते त्यावर आणि खोकल्याच्या नोंदीवर ठरवू.